सगळ्यांना गेलेलं उत्तर

नाशिकला मला ओळखणारं कुणी नव्हतं, म्हणूनच मी नाशिक निवडलं होतं. माहेर भुसावळचं, सासर नागपूरचं, आणि दोन्हीकडच्या नात्यागोत्यात नाशिकला राहणारं एकही घर मला आठवत नव्हतं. आईसुद्धा म्हणाली, जा तिकडेच, तिथे कुणी विचारायला येणार नाही.

नवऱ्याच्या घरातून मी का निघाले हे एकदाच सांगते. माझ्या डाव्या हाताची दोन बोटं आजही पूर्ण मिटत नाहीत. ती दाराच्या फटीत होती आणि त्याने दार लावलं. रागाच्या भरात नाही. सावकाश, माझ्याकडे बघत. तो कधी आवाज चढवायचा नाही. शेजारच्या बायका मला म्हणायच्या, तुझा नवरा किती शांत गं.

नाशकात मी नोकरदार बायकांच्या वसतिगृहात राहायला लागले आणि एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे रिसेप्शनवर लागले. फोन नवा घेतला, ईमेलही नवा काढला. त्यावर नाव मात्र माझंच होतं, लग्नाआधीचं. खोटं नाव घ्यावं असं सुचलं नव्हतं. तो नंबर आणि तो पत्ता आईकडे होता, बाईंकडे होता, वसतिगृहात होता. आणि नंतर एका काकांकडे गेला.

हे काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. कवळीच्या मापासाठी दवाखान्यात यायचे आणि गळ्यात दुर्बीण घालूनच बाकावर बसायचे. नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात सध्या काय काय उतरलंय ते मला न विचारताच सांगायचे. दर महिन्याला एका रविवारी ते माणसं गोळा करून पक्षी बघायला न्यायचे. तुम्हीही या, म्हणाले. नवऱ्याच्या घरी मला गच्चीवर एकटीने जायची मुभा नव्हती. मी लगेच हो म्हटलं आणि माझा ईमेल त्यांना लिहून दिला. दोन सहली केल्या. चक्रवाक पाहिले, चमच्यासारख्या चोचीचे चमचे पाहिले. घराबद्दल कुणी काही विचारलं नाही. पक्षी बघणारी माणसं एकमेकांची फारशी चौकशी करत नाहीत, हे मला फार आवडलं.

सहलीचा मेल दर महिन्याला यायचा. गटातली एक मुलगी तो पाठवायची आणि त्यात वर फक्त काकांचं नाव दिसायचं. त्या मुलीला बंगळुरात नोकरी लागली, ती गेली, आणि पुढचा मेल काकांनी स्वतः पाठवला.

तो आला तेव्हा दुपार होती. आत बाई एका माणसाची दाढ काढत होत्या. मी मोबाईलवर मेल उघडला तर वर नावंच नावं. गटातल्या सगळ्यांची नावं आणि पत्ते, एकाला लागून एक. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट कोण कोण आहे या उत्सुकतेने मी ती वाचत होते. तेवढ्यात त्याच मेलखाली एक उत्तर येऊन पडलं.

"वहिनी, तुम्ही नाशकात? मला माहीतच नव्हतं. मीही आता इथेच आहे, अंबडला कंपनीत. या गटात नुकताच आलोय. दादाला आजच कळवतो, त्याला किती बरं वाटेल. रविवारी भेटूच."

खाली नवऱ्याच्या आतेभावाचं नाव होतं.

तो पुण्याला असायचा. त्याची बदली झाली हे मला कळायचं काही कारणच नव्हतं. त्याने उत्तर एकट्या मला पाठवलं नव्हतं, ते सगळ्यांना गेलं होतं. त्याखाली लागलीच गटातल्या कुणीतरी लिहिलं, वा, आमच्या गटात कुटुंबं भेटू लागली. आणखी कुणी हसरा चेहरा टाकला. ती माणसं कौतुकाने त्याची माझ्यापर्यंतची वाट रुंद करत होती, आणि त्यांच्यातल्या कुणाला त्याची कल्पना नव्हती.

समोरच्या बाकावर एक आजी गाल धरून बसल्या होत्या. त्यांनी दोनदा काहीतरी विचारलं म्हणे, मला ऐकूच आलं नाही. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि माझ्याकडे बघून त्यांनी आधी मला पाणी दिलं. त्यांना थोडंफार माहीत होतं. माझ्या बोटांचा एक्स-रे त्यांनीच त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांना दाखवला होता. मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचलं आणि रिसेप्शनवर स्वतः बसून आजींना नंबर दिला.

मी मागच्या जिन्यात जाऊन काकांना फोन लावला. त्यांना आधी काही उमजेना. पत्ते दिसले तर काय बिघडलं, सगळी आपलीच माणसं आहेत, असं ते समजावणीच्या सुरात म्हणत राहिले. मग मी त्यांना बोटांचं सांगितलं. आई आणि बाईंनंतर हे ज्यांना सांगितलं असे ते तिसरे. नंतर त्यांनी विचारलं, हे परत घेता येतं का. येत नाही, मी म्हटलं. सगळ्यांना लिहून तो मेल पुसून टाकायला सांगू का, असंही त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. आणखी एक मेल गेला असता तर ज्यांनी पहिला नीट वाचला नव्हता त्यांनीही उघडला असता.

आतेभावाच्या मेलखाली त्याचा नंबर होता. फोन करावा की न करावा यात माझी ती संध्याकाळ गेली. न करावा तर तो सांगणारच. करावा तर माझा नवा नंबर त्याच्याकडे जाणार. शेवटी बाईंच्या फोनवरून केला आणि दुसऱ्या दिवशी सिडकोतल्या बुद्धविहारात भेटायला बोलावलं. तिथे दुपारी बायकांचा शिवणवर्ग भरतो, मशीनची घरघर चालू असते, माणसांत असल्यासारखं वाटतं.

तो आला, वाकून नमस्कार केला. लग्नात माझ्या पुढेमागे हुंदडणारा पोरगा. आता चष्मा लागलेला, पोट सुटलेलं. मुलीचा फोटो दाखवायला त्याने मोबाईल बाहेर काढला. मी तो बघितला नाही.

"भाऊजी, तुम्ही त्यांना काय सांगितलंत?"

"कालच फोन केला, वहिनी. तुम्ही इथे आहात म्हणून सांगितलं. दादा म्हणाला, तो मेल मला पाठव."

"पाठवलात?"

"पाठवला. पाठवायचा नव्हता का?"

सहलीची जागा, निघायची वेळ, सगळ्यांचे पत्ते, सगळं त्या मेलमध्ये होतं. मी डावा हात उचलून त्याच्यासमोर धरला आणि मूठ वळायला गेले. दोन बोटं तशीच ताठ राहिली. मग जे झालं होतं ते मी सांगितलं, फार नाही, तेवढंच. तो ऐकताना माझ्याकडे बघत नव्हता, शिवणाऱ्या बायकांकडे बघत होता. त्यांच्या घरात सगळ्यांना सांगितलेलं होतं की मी नोकरीच्या नादाने निघून गेले. त्याने ते खरं धरलं होतं. आता तो म्हणाला, एका दिवाळीला भर दुपारी तुम्ही गळ्याभोवती ओढणी गुंडाळून वाढत होतात. मी आईला विचारलं होतं, वहिनीला ताप आहे का.

जाताना तो दारातच थांबला. "दादा शनिवारी येतोय. तुम्हाला सांगू नको म्हणालाय. माझ्याकडेच उतरणार. मी त्याला नको कसं म्हणू?"

मी म्हटलं, नको म्हणूच नका. तो तुमच्या घरी असला म्हणजे कुठे आहे ते तरी मला कळेल.

हे मी धीराने बोलले असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. घरात साप शिरला की माणूस त्याच्यावरची नजर हलवत नाही, त्यातली ती गत होती.

रविवारची सहल काकांनी दिंडोरीकडच्या एका धरणावर हलवली. त्यासाठी त्यांनी एकेकाला फोन केला. कारण विचारलं तर रस्त्याचं काम चालू आहे असं सांगितलं. आतेभावाला तेवढा केला नाही, आणि त्यानेही आमच्या भेटीचं दादाला काही सांगितलं नाही. मी खोलीतच राहिले. दिवसाउजेडी खिडकी लावून घेतली होती, आणि बाहेर चप्पल वाजली की श्वास धरायचे.

काका मात्र ठरलेल्या मूळ जागी गेले, एकटेच. दुपारी त्यांचा फोन आला. नवरा तिथे आला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा पुडा. काकांच्या पाया पडला. माझ्या बायकोला बरं नसतं, औषधं सुटली की ती अशीच घरातून निघून जाते, कुठे राहते तेवढं सांगा, असं म्हणाला. डोळ्यात पाणी होतं म्हणे.

"माणूस फार सभ्य बोलतो हो," काका म्हणाले.

मला वाटलं, गेले हेही. आजवर प्रत्येकजण इथूनच त्याच्या बाजूला गेला होता.

पण काका पुढे बोलले. ते म्हणाले, मी त्याला ठाऊक नाही म्हणून सांगितलं, तर त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. हसला, आणि म्हणाला, काही हरकत नाही, काका, सगळ्यांचे पत्ते आहेत माझ्याकडे. ते ज्या तऱ्हेने म्हणाला, ताई, मला एकदम घाम फुटला.

त्याच संध्याकाळी त्याने गटातल्या प्रत्येकाला मेल लिहिला. माझा लग्नातला फोटो लावून. माझी पत्नी मानसिक रुग्ण आहे, नाशिकमध्ये एकटी आहे, तिच्या जिवाला धोका आहे, कुठे दिसल्यास कृपया कळवा. काकांना आला, तो त्यांनी बाईंना वाचून दाखवला. त्याने मात्र पत्ते झाकले होते. कुणाकुणाला गेला, कोण त्याला काय लिहितंय, हे आमच्यापैकी कुणालाच दिसत नव्हतं. काकांना जे जमलं नव्हतं ते त्याला नेमकं येत होतं.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. तो अंबडला आतेभावाच्या घरी राहत होता. आतेभाऊ कंपनीतून बाईंच्या फोनवर मला निरोप पाठवायचा, आज सिडकोत फिरतोय, आज नाशिकरोडला गेलाय, आज घरीच आहे, मुलीला गणित शिकवतोय. तो शेवटचा निरोप वाचून मी सगळ्यात जास्त घाबरले. दवाखान्याला पुढून काचेचं दार होतं. कुणी ते ढकललं की मी मान वर करून बघायच्या आधी खालची चप्पल बघायचे. फोन वाजला की आधी बाई उचलायच्या. पोलिसांत जा, असं बाई रोज म्हणायच्या. मी उद्या म्हणायचे. नागपूरला एकदा गेले होते, तेव्हा तिथल्या साहेबांनी त्याला चहा पाजला होता आणि मला घरी पोचवायची जबाबदारी त्याच्यावरच टाकली होती.

मग एका सकाळी आतेभावाचा निरोप न येता फोनच आला. तो दबक्या आवाजात, भराभर बोलत होता. गटातल्या कुणीतरी दादाला लिहिलंय. तुम्ही दातांच्या दवाखान्यात दिसता असं. दवाखान्याच्या नावासकट. तो रिक्षाने निघाला. मी येतोय मागून.

बाईंनी मला एक्स-रेच्या खोलीत घातलं आणि दार ओढून घेतलं. ती खोली म्हणजे कपाटच, एक खुर्ची आणि भिंतीवर यंत्र. मी तिथून पोलिसांचा एकशे बारा नंबर फिरवला. पलीकडच्या मुलीला पत्ता सांगताना माझ्या तोंडून दवाखान्याऐवजी नागपूरच्या घराचा पत्ता येऊ लागला. तिने शांतपणे सांगितलं, ताई, आत्ता तुम्ही आहात कुठे, तेवढंच सांगा.

तो आला ते मला आवाजावरून कळलं. नमस्कार केला. माझं नाव घेतलं. बाई म्हणाल्या, आज ती आलेली नाही. तो म्हणाला, ठीक आहे, मी थांबतो. आणि बाकावर बसला. मला वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज आला. तेच तर तो घरी करायचा. काही बोलायचा नाही, बसून राहायचा, आणि तो कधी उठतो याची वाट बघत मी स्वयंपाकघरात उभी असायचे.

बाईंनी दवाखाना बंद केला नाही. पुढच्या पेशंटला आत घेतलं, यंत्र चालू केलं. त्या दिवशी त्यांनी फक्त दात साफ करून दिले, दुसरं काही करायची हिंमत झाली नाही, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. त्यांनी मधेच काकांना फोन केला असावा, कारण थोड्या वेळाने बाहेर काकांचा आवाज आला. ते त्याच्या शेजारी जाऊन बसले. मग आतेभावाचा आवाज आला. तो म्हणाला, दादा, चल घरी. तो पुन्हा म्हणाला, चल. मग तोही तिथेच बसला. बाहेर तीन माणसं बाकावर गप्प, आणि मी दाराच्या आत.

पोलीस आले. त्यांच्यात एक बाई होती. तो उठून उभा राहिला असणार, बाक सरकल्यासारखं वाजलं. पत्नी आजारी आहे, घरगुती बाब आहे, असं तो नेहमीच्या आवाजात सांगू लागला. मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता चहा मागवतील.

तेव्हा आतेभाऊ मध्येच बोलला. त्याचा आवाज फुटत होता.

"मॅडम, ती आजारी नाही. माझी वहिनी आहे ती. तिचा हात बघा."

पोलीसबाईंनी एक्स-रेच्या खोलीचं दार वाजवलं आणि एकट्याच आत आल्या. तेवढ्यात फटीतून त्याचा आवाज आला, एकदाच बघू द्या तिला. मी बाहेर गेले नाही. त्यांनी दार लावून घेतलं, माझा हात बघितला आणि विचारलं, लिहून देणार का तक्रार. मी हो म्हटलं. हो म्हणताना मला उलटी आली, आणि त्यांनी माझं कपाळ धरलं.

पोलीस ठाण्यात त्याने रडून दाखवलं, पुन्हा त्रास देणार नाही म्हणून लिहून दिलं आणि त्या दिवशीच्या गाडीने तो परत गेला. पुढे वकील, संरक्षण अधिकारी, तारखा. त्याने माझ्याजवळ यायचं नाही, मला किंवा माझ्याबद्दल दुसऱ्या कुणाला लिहायचं नाही, असा आदेश कोर्टाने दिला. त्याने गटाला लिहिलेला मेल काकांनी छापून दिला होता, तो तिथे कामी आला. आतेभावाने साक्ष दिली. त्याची आई त्याच्याशी अजून बोलत नाही.

दवाखान्याचं नाव कळवणाऱ्या बाई मला भेटायला आल्या. शाळेत शिकवायच्या त्या. मुलगी हरवल्यासारखं वाटलं म्हणून लिहिलं, असं म्हणून रडल्या. त्यांनी चांगल्याच मनाने केलं होतं, यात मला शंका नाही. तरी मी त्यांना समजावू शकले नाही. त्या गेल्यावर दाराची कडी घातली. वसतिगृह मी बदललं. ईमेलही बदलला. काकांना त्या बंगळुरच्या मुलीने फोनवरून पत्ते झाकून पाठवायचा बीसीसीचा रकाना शिकवला, पण त्यांचा त्यावर विश्वास बसत नाही. ते आता एकेकाला वेगळा मेल लिहितात. अर्धा दिवस जातो म्हणे.

मी नव्या ठिकाणी रुळल्यावर आतेभावाच्या बायकोने मला जेवायला बोलावलं. मी पुष्कळदा टाळलं, मग गेले. ती साधी, कमी बोलणारी बाई आहे. तिने वांग्याची भाजी केली होती. वाढता वाढता ती म्हणाली, तो इथे होता ना, तेव्हा मी मुलीला घेऊन झोपायचे आणि आतून कडी लावायचे. यांना सांगितलं नव्हतं. वाईट काहीच वागला नाही तो. ताट स्वतः उचलून ठेवायचा, मुलीचा अभ्यास घ्यायचा. पण मला भीती वाटायची. का ते मला सांगता यायचं नाही.

मी काही न सांगता ज्याला त्याची भीती वाटली असं माणूस मला तोवर भेटलंच नव्हतं. मी तिला म्हटलं, मलाही पहिली दोन वर्षं सांगता येत नव्हतं. मग आम्ही दोघींनी भाजीचं बोलायला सुरुवात केली.

जेवण झाल्यावर आतेभाऊ मला सोडायला निघाला. नव्या वसतिगृहाच्या दोन चौक आधी मी गाडी थांबवायला सांगितली. मी इथून चालत जाईन, म्हटलं. त्याने का ते विचारलं नाही. तो गाडी वळवून दिसेनासा होईपर्यंत मी एका मेडिकलच्या दुकानात उभी राहिले, डोकेदुखीच्या गोळ्या घेतल्या, आणि मगच माझ्या रस्त्याला लागले.